पॅरिसच्या बिस्ट्रोत पहिलं जेवण: सोलापूरहून जाणाऱ्यांनी काय काय बघायचं

सोलापुरातनं आता दर उन्हाळ्यात युरोपला जाणारी बरीच मंडळी असतात, कुणी ग्रुप टूरने, कुणी तिकडे शिकणाऱ्या मुलाकडे नाहीतर मुलीकडे, आणि परत आल्यावर जेवणाचं विचारलं की बहुतेकांचं एकच उत्तर येतं, रोज इंडियन होतं, डाळ पनीर जिरा राइस. त्यात वाईट काहीच नाही, वयस्कर माणसांना तेच सोसतं, पण पॅरिसला जाऊन तिथल्या एका साध्या बिस्ट्रोत निवांत बसून जेवला नाहीत तर माझ्या मते बरंच काही बघायचं राहून गेलं. टूरमध्ये सुद्धा एखादी दुपार मोकळी सोडतात, शॉपिंगसाठी म्हणून. ती दुपार मनात धरून हे लिहितेय. मुलांकडे राहणार असाल तर काय, वेळच वेळ आहे.

बिस्ट्रो म्हटलं की काहीतरी भारी, सूटबूटवालं, खिसा रिकामा करणारं असं डोक्यात येतं, तसं नसतं हो. चांगल्या खानावळीसारखी जागा असते ती, टेबलं एकमेकांना चिकटून, आज काय बनलंय ते पाटीवर खडूने लिहिलेलं, मालक किंवा मालकीण स्वतः काउंटरला, आणि शेजारच्या ऑफिसातली माणसं रोजची येऊन जेवून जाणारी. कपडे साधे स्वच्छ असले की झालं, स्पोर्ट शूज चालतात.

आधी वेळ सांभाळा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून हे पहिलं. आपण सोलापूरकर दुपारी तीनला पण जेवायला बसतो आणि हॉटेलवाला पण वाढतो. तिकडे दुपारचं जेवण साधारण 12 ते 2, फार तर अडीच, त्यानंतर किचन बंद, ते एकदम संध्याकाळी सात साडेसातला चालू. मधल्या वेळात दार उघडं दिसेल, लोक कॉफी पीत बसलेले दिसतील, पण जेवण मिळणार नाही. बारा वाजता दारात उभे राहा म्हणजे रिझर्वेशन नसलं तरी बहुतेक वेळा जागा मिळते, साडेबारानंतर ऑफिसची गर्दी येते. रविवार आणि सोमवार बरेच बिस्ट्रो बंद असतात आणि ऑगस्टमध्ये तर कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात, तेव्हा मॅपवर आजचा दिवस चालू आहे का ते बघूनच निघा.

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा जाताय तर दुपारीच जा, तेही सोमवार सोडून मधल्या वारी. कारण दुपारी फॉर्म्यूल नावाचा प्रकार असतो, म्हणजे सुरुवातीची डिश आणि मुख्य डिश, किंवा मुख्य डिश आणि गोड, असं ठरलेल्या किमतीत. पॅरिसमध्ये साध्या ठिकाणी हे साधारण 18 ते 25 युरोत बसतं, म्हणजे एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि हिशोब करा. रात्री तेच सुटं सुटं घेतलं की बिल चांगलंच वर जातं.

जागा कशी निवडायची

फ्रान्समध्ये दाराबाहेर मेनू आणि दर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आत जाऊन लाजेकाजेने बसायची वेळ येत नाही, बाहेर उभं राहून आरामात वाचा, पटलं तर आत, नाहीतर पुढे. बाहेर सहा भाषांत फोटोवाला चकचकीत मेनू आणि एक माणूस या या करून बोलावतोय अशा जागा आयफेल टॉवर आणि नोत्र दामच्या आसपास खूप आहेत, त्या टाळा, दोन-चार गल्ल्या आत चालत गेलं की चित्र बदलतं. पाटी छोटी असेल, चार-पाचच पदार्थ लिहिलेले असतील, तर ते चांगलं लक्षण समजायचं. जितकं कमी तितकं ताजं.

जाणाऱ्यांची संख्या पण बघा. आठ-दहा जणांचा घोळका घेऊन बिस्ट्रोत शिरलात तर टेबल मिळायची शक्यता फार कमी, जागाच नसते हो त्यांच्याकडे. चार जण ही जास्तीत जास्त. जास्त असाल तर दोन टेबलं वेगवेगळी घ्यायची तयारी ठेवा किंवा द फोर्क नावाच्या अ‍ॅपवर आधी बुक करा.

आणि अगदीच धास्ती वाटत असेल तर पहिलं जेवण बुयोंमध्ये घ्या. बुयों म्हणजे कामगारांना स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली मोठी भोजनालयं. त्यातलं बुयों शार्तिए 1896 पासून चालू आहे, ग्राँ बुलव्हार मेट्रो स्टेशनजवळ, भलामोठा जुना हॉल, दिवसभर जेवण मिळतं, दर पॅरिसच्या मानाने खूप कमी, आणि वेटर तुमची ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितात. रांग असते पण ती पटपट सरकते. गर्दी गोंगाट असल्यामुळे आपण नवखे आहोत हे कुणाच्या लक्षात पण येत नाही.

दारातनं आत

आत शिरलं की पहिलं बोंझूर म्हणायचं, संध्याकाळी बोंस्वार. हे अतिशय महत्त्वाचं आहे, पाणी दे मेनू दे च्या आधी नमस्कार. तिकडे नमस्कार न करता सरळ मागणी केली तर माणसाला उद्धट समजतात आणि मग पॅरिसचे वेटर खडूस असतात अशी तक्रार होते. बोंझूर मादाम, बोंझूर मस्यू, एवढं हसून म्हटलं की पुढचं सगळं इंग्लिशमध्ये चालतं, बहुतेक ठिकाणी. रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसू नका, थांबा, बोटांनी किती जण ते दाखवा, ते जागा दाखवतील. बाहेरच्या टेबलांवर लोक सिगारेट ओढतात, त्रास होत असेल तर आत मागा. आणखी एक, टॉयलेट बहुतेक वेळा तळघरात असतं, खाली जायला अरुंद गोल जिना, आईबाबांच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम असेल तर हॉटेलवरनंच जाऊन या.

वेटरला हाक मारायची नाही, चुटकी तर अजिबातच नाही. नजर मिळाली की हात थोडा वर करायचा आणि सिल वू प्ले म्हणायचं. जुन्या पुस्तकात गार्सों असं लिहिलेलं असतं, ते आता अपमानाचं वाटतं, वापरू नका. वेटर सारखा सारखा येऊन विचारत नाही म्हणजे दुर्लक्ष करतोय असं नाही, तुम्हाला निवांत जेवू द्यायचं अशी तिकडची पद्धत आहे. टेबल एकदा तुमचं झालं की उठा म्हणणारं सहसा कुणी नसतं.

पाणी मागताना नुसतं वॉटर म्हणालात तर बाटली येईल आणि तिचे पाच-सहा युरो लागू शकतात. यून काराफ दो, सिल वू प्ले, असं म्हणा, म्हणजे नळाचं पाणी सुरईत भरून आणून देतात, फुकट. ते प्यायला पूर्ण चांगलं असतं, आणि हे पाणी फुकट मिळतं असं गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहून ठेवणं 2022 पासून हॉटेलांना बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. ब्रेडची टोपली पण जेवणासोबत फुकट येते, संपली की परत मागता येते, ब्रेड ताटात न ठेवता शेजारी टेबलावरच ठेवतात आणि हाताने तोडून खातात, आपल्याला ते एकदम जमतं.

मेनू वाचणं, आणि व्हेजवाल्यांनी हा भाग नीट वाचा

क्रम असा, आँत्रे म्हणजे सुरुवातीचं, प्ला म्हणजे मुख्य, देसेर म्हणजे गोड. प्ला द्यू झूर हा त्या दिवशीचा खास पदार्थ, बाजारात जे चांगलं मिळालं त्यातनं केलेला, आणि शंका असेल तर तोच घ्यायचा. सगळं एकदम टेबलावर येत नाही, एक संपलं की दुसरं. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं अ‍ॅप ठेवा, फ्रेंच आधीच डाउनलोड करून ठेवा, पण खडूने लिहिलेल्या पाटीवर ते अ‍ॅप पुष्कळदा फसतं, म्हणून खालचे शब्द माहीत असलेले बरे.

आता व्हेजचं. सोलापुरात लिंगायत, जैन, ब्राह्मण, मारवाडी अशी कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांना मला मनापासून सांगायचंय की नुसतं आय अ‍ॅम व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, पदार्थ कशात शिजलाय ते विचारा. नाव भाजीचं असतं आणि खाली रस मांसाचा असतो. कांद्याचं सूप, जे सगळे फोटोत बघून जातात, ते पारंपरिक पद्धतीने बीफच्या स्टॉकमध्ये करतात. मसुराच्या सॅलडमध्ये, हिरव्या पानांच्या सॅलडमध्ये लार्दों नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकलेले असतात. कीश लोरेन या अंडं-क्रीमच्या खारट पायमध्ये पण तेच. क्रोक मस्यू म्हणजे चीज सँडविच दिसतं पण आत हॅम. बटाटे काही ठिकाणी बदकाच्या चरबीत नाहीतर बीफच्या चरबीत तळतात. ऑलिव्हच्या काळ्या चटणीत, तापनाद म्हणतात तिला, अँकोव्ही मासा असतो. क्रीमच्या थंड गोड पदार्थात जिलेटिन असू शकतं. आणि कोंते, पार्मेझान अशी जुन्या पद्धतीची चीज वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा रस, वापरून बनवतात, जे काटेकोर पाळतात त्यांनी हे लक्षात घ्या.

एवढं वाचून घाबरू नका, खाण्यासारखं भरपूर आहे. ऊन ऊन बकरीच्या दुधाचं चीज टोस्टवर ठेवून दिलेलं सॅलड, शेव्ह्र शो, लार्दों नाहीत ना एवढं विचारून घ्या, मला विचाराल तर व्हेज माणसाने सुरुवात यानेच करावी, वर कधी कधी मध असतो, फार सुंदर लागतं. उकडलेल्या लीकवर, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीवर, मोहरीचं ड्रेसिंग, पोरो व्हिनेग्रेत. रातातुई म्हणजे वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेले. ग्रातें दोफिन्वा, बटाट्याचे पातळ काप दूध-क्रीममध्ये भाजलेले, हे साइड डिश म्हणून येतं पण ते आणि सॅलड मिळून पोट भरतं. अंडं चालत असेल तर ऑम्लेट, चीज सूफ्ले, अंडं-मेयोनीज, मग तर अडचणच नाही.

अंडं चालत नसेल तर एक उपयोगी गोष्ट सांगते. युरोपात 14 अ‍ॅलर्जेनची माहिती गिऱ्हाइकाला देणं सक्तीचं आहे आणि त्यात अंडं आणि मासा दोन्ही येतात, दूध, शेंगदाणे, तीळ पण येतात. तेव्हा अ‍ॅलर्जेन लिस्ट प्लीज असं म्हटलं की कुठल्या पदार्थात अंडं आहे ते पटकन कळतं. फक्त मटण-चिकनचा स्टॉक हा त्या 14 मध्ये नाही, तो वेगळा विचारावाच लागतो. हे वाक्य फोनमध्ये फ्रेंचमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा: झ न माँझ नी व्याँद नी प्वासों, म्हणजे मी मांस खात नाही, मासाही नाही. खाली दुसरी ओळ, स्टॉक आणि चरबी पण नको, हीही मुलांकडून लिहून घ्या.

जैन मंडळींसाठी प्रामाणिकपणे सांगायचं तर कांदा-लसणाशिवाय बिस्ट्रोत जेवण मिळणं फार अवघड आहे, फ्रेंच सॉसची सुरुवातच बारीक कांद्याने होते. जे पूर्ण पाळतात त्यांनी तिथे कॉफी, ब्रेड, फळं घेऊन बसायचा आनंद घ्यावा आणि जेवण दुसरीकडे करावं. अंडंही न खाणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर गार द्यु नॉरच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ लोकांची बरीच हॉटेलं आहेत, डोसा मिळतो, त्यांची सोय तिथे. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांना मात्र जूनमध्ये काळजी नाही, पॅरिसला तेव्हा सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, सातचं जेवण आरामात होतं. डिसेंबरमध्ये पाचलाच मावळतो, मग दुपारचंच बघा.

नॉनव्हेजवाल्यांसाठी

आपल्याकडचा नॉनव्हेज खाणारा म्हणजे मटण, चिकन, मासे, अंडी. बिस्ट्रोत स्टेक म्हटलं की बीफच, आणि गंमत नाही, खरी अडचण अशी की मेनूवर बीफ असं लिहिलेलंच नसतं, तुकड्याचं नाव असतं. आँत्रकोत, बाव्हेत, ओंग्ले, फो फिले, हे सगळं बीफ. तार्तार म्हणजे कच्चं बीफ बारीक चिरून, पोतोफ आणि बूर्गिन्यों हे पण बीफचेच. व्हो म्हणजे वासरू. पोर म्हणजे डुक्कर, झाँबों म्हणजे हॅम, आँदुइयेत म्हणजे डुकराच्या आतड्याचं सॉसेज, वास उग्र असतो, नवख्याने लांबच राहावं. लापें ससा. मुलांच्या मेनूत स्टेक आशे असतं, तोही बीफचाच खिमा, लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी बघा. बीफ नको, पोर्क नको, एवढं सांगायला साँ बफ, साँ पोर.

चालणारे शब्द असे: पुले म्हणजे चिकन, कानार म्हणजे बदक, आन्यो म्हणजे कोवळ्या मेंढ्याचं मटण, प्वासों मासा. मटणाची सवय असलेल्या सोलापूरकराला मी दोनच गोष्टी सुचवीन. एक सुरी दान्यो, नळीचा तुकडा तासन्‌तास मंद शिजवलेला, काट्याने हात लावला की हाडापासून सुटतो. दुसरं कोंफी द कानार, बदकाची तंगडी तिच्याच चरबीत हळूहळू शिजवून वरनं कुरकुरीत केलेली. दोन्ही पूर्ण शिजलेलं असतं, लाल-गुलाबी काही नाही. बदकाची छाती, माग्रे, ही मात्र आत गुलाबी ठेवूनच देतात, तसं नको असेल तर ब्यें क्वी म्हणा. आणि काहीच धाडस नको तर पुले रोती, भाजलेलं चिकन आणि बटाटे.

हलाल पाळणाऱ्यांनी साध्या बिस्ट्रोत मांस हलाल नसतं असंच धरून चाला, मासा घ्या, आणि सॉसमध्ये वाइन आहे का ते विचारा कारण शिंपले, कोंबडी, कितीतरी रस्से वाइनमध्येच शिजवतात. बाबा ओ रुम हा केक तर रममध्ये भिजवलेला असतो.

फिक्कं लागेल, ते कसं घ्यायचं

लागणारच. शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर वाढलेल्या जिभेला पहिले दोन घास काहीच नाही असं वाटतं. पण तिकडची चव तिखटात नसते, लोण्यात, मंद आचेत, हाडाच्या रसात असते, ती जरा उशिरा कळते, म्हणून घाई न करता खा. तरी झणका पाहिजेच तर मूतार्द मागा, दिजों मोहरी, पिवळी जर्द, कित्येक ठिकाणी टेबलावरच असते, नाकातनं निघते अक्षरशः, फ्रेंच लोक स्वतः मटणाबरोबर भरभरून खातात म्हणून मागण्यात काही वावगं नाही. चटणीची पुडी हॉटेलच्या रूमवर ठेवा, टेबलावर काढू नका, ज्याने सकाळपासून तो सॉस आटवलाय त्याच्या डोळ्यासमोर ते बरं दिसत नाही.

चौघांत एक डिश मागवून मधे ठेवायची सवय इथे बाजूला ठेवा, प्रत्येकाने निदान एक मुख्य डिश घ्यावी अशी अपेक्षा असते. गोड मात्र दोघांत एक चालतं, दोन चमचे मागा.

चहा-कॉफी जेवणासोबत नसते, गोड झाल्यावर. उं काफे म्हटलं तर दोन घोटांची कडक काळी कॉफी येते, दुधाची पाहिजे तर काफे क्रेम म्हणा. गोडात काय घ्यावं कळत नसेल तर काफे गुर्माँ घ्या, कॉफीबरोबर तीन-चार छोटे छोटे गोड पदार्थ एकाच ताटलीत, पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

बिल

बिल मागितल्याशिवाय येत नाही, कितीही वेळ बसा. लादिस्यों, सिल वू प्ले. दरातच टॅक्स आणि सर्व्हिस धरलेली असते, सेर्व्हिस कोंप्री, त्यामुळे टिप सक्तीची नाही, आवडलं तर एक-दोन युरो टेबलावर ठेवून उठा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं पण भारतातनं निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेत का ते बघा, नवीन कार्डावर ते बंदच असतं. यूपीआय 2024 मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी सुरू झालंय, पण बिस्ट्रोत त्याच्या भरवशावर जाऊ नका, थोडे सुटे युरो जवळ असू द्या.

आणि उरलं तर टाकायचं नाही. मागितलं तर डबा देणं जुलै 2021 पासून तिकडे हॉटेलांना बंधनकारक आहे, तरी काही वेटर जरा नवलाने बघतात, बघू देत, शांतपणे मागा. रूमवर फ्रिज असेल तरच बदकाची तंगडी न्या, ब्रेड-चीज असेल तर संध्याकाळपर्यंत तसंच टिकतं.